मोहोळ ते सोलापूर: पास रेल्वेचा काढावा की एसटीचा?

अकरावी-डिप्लोमाचे प्रवेश उरकले की आमच्या मोहोळात घरोघरी एकच खल चालतो, पोरगं सोलापूरला जाणार कशानं? मी तीन वर्षं ये-जा केली. पहिलं वर्ष रेल्वेच्या पासावर, पुढची दोन एसटीच्या. बोनाफाईड, फोटो, आधार ही कागदं तुम्हाला ठाऊक असतीलच, त्यात वेळ घालवत नाही.

पैशाचं म्हणाल तर रेल्वेला तोड नाही. विद्यार्थ्याला सीझन तिकीट, म्हणजे पास, निम्म्यात मिळतं. मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत घर ते कॉलेज मासिक पास चक्क फुकट. तीन महिन्यांचा एकदम काढला तर पैसे तिप्पट नाही, २.७ पट. एसटीत विद्यार्थ्याला ६६.६६ टक्के सवलत, म्हणजे तिसरा हिस्सा खिशातून जातोच. ग्रामीण भागातल्या मुलींना मात्र बारावीपर्यंत तिथंही पैसे पडत नाहीत. बारावीनंतर मुलींना २०२३ पासूनचं अर्धं तिकीट आहेच. कॉलेज आठवड्यातून तीनच दिवस असेल तर पास काढण्याआधी एकदा बोटांवर मोजून हिशेब करा.

आरामातही रेल्वेच पुढं, असं मी म्हणायचो. हायवेवरचे गतिरोधक नाहीत, उलटी होणाऱ्याच्या शेजारी बसायची वेळ नाही. पास जनरल डब्यापुरताच, आरक्षित डब्यात चढलात की दंड, पण पाकणी-बाळे ही मधली स्टेशनं मागं पडेपर्यंत उभं राहायला असं कितीसं लागतं? सकाळी तर मजाच यायची. अर्धा डबा ओळखीचा, कुणाच्या डब्यात शेंगाचटणी, कुणाच्या हातात कालची अर्धवट असाइनमेंट.

माझं बिनसलं ते संध्याकाळी. आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल पाचला संपायचं ते कागदावर. जर्नलवर सही घ्यायला सरांच्या केबिनबाहेर रांग, सर चहाला गेलेले, आणि इकडं घड्याळाचा काटा पुढं. रिक्षात चौथ्या सीटवर लटकत स्टेशन गाठावं तर गाडी गेलेली. पुढची सोयीची गाडी रात्रीच. मग तिथून दुसरी रिक्षा करून एसटी स्टँड, आणि मोहोळचं पूर्ण तिकीट. खिशात रेल्वेचा पास आणि हातात एसटीचं तिकीट! आठवड्यातून दोनदा तरी हे व्हायचं. महिन्याची बेरीज मी वहीत कधी मांडली नाही, पण वडिलांकडं जादा पैसे मागताना आमच्या दोघांच्याही लक्षात यायची.

एसटीचा पास घेतल्यावर ही धाकधूक संपली. मोहोळवरून जाणारी पंढरपूरची निघाली तर टेंभुर्णीची उभी, ती भरली तर आणखी एखादी. साधी गाडी असली की झालं. उभं राहावं लागतं, पावसाळ्यात खिडकीची काच वर सरकत नाही, कबूल आहे. पण सही सहाला मिळाली तरी जीव टांगणीला लागत नाही. परीक्षेच्या दिवसांत ही गोष्ट मला सवलतीपेक्षा मोठी वाटली. तुमचं कदाचित वेगळं असेल.

कॉलेज कुठं आहे हेही बघा. केगावला विद्यापीठाच्या बाजूला प्रवेश असेल तर मोहोळकडून येताना ते हायवेवर वाटेतच लागतं. रेल्वेनं सोलापूर गाठून परत मागं फिरण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. शहरात सात रस्ता चौकाला सकाळचं कॉलेज असेल, दुपारी बाराला मोकळं होत असेल, तर रेल्वेच्या वेळा आपल्या तासांशी ताडून बघायला हरकत नाही. पदवी करणाऱ्या बहिणीला तर मी आधी फुकटचा पासच काढायला सांगेन, वर अडीनडीला अर्ध्या तिकिटाची एसटी आहेच.

धाकट्या चुलतभावाला यंदा हे सगळं सांगितलं. त्याचं कॉलेज स्टेशनाजवळच, म्हणून त्यानं हट्टानं रेल्वेचा पास काढला, तोही तीन महिन्यांचा. मी काही बोललो नाही. परवा सव्वासहाला त्याचा फोन आला, मागून कंडक्टरची घंटी ऐकू येत होती. "दादा, एसटीत हाय. जेवायला थांबू नका म्हणावं आईला. आणि बस भाड्याचे जरा जीपे करतो का?"