चार ट्रकांचा मेंटेनन्स करार आणि बुडालेले १,७०,००० रुपये

लिहायला लाज वाटते. वीस वर्षं गाड्यांच्या धंद्यात काढली आणि तरी फसलो. पण हीच माणसं आता शेजारच्या तालुक्यात फिरत आहेत असं कानावर आलं, म्हणून लिहितो.

माझ्या चार दहा-टायर गाड्या आहेत. कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगच्या गाठी, बाकी वर्षभर सिमेंट. दिवाळीआधी दोघं जण घरी आले. वर्षाचा करार करा, ठरलेल्या किलोमीटरला आमची व्हॅन तुमच्या आवारात येईल, ऑइल, तिन्ही फिल्टर, ग्रीसिंग, ब्रेक सेटिंग सगळं आमच्याकडे. गाडीमागे ४२,५००. नमुना म्हणून एका गाडीची सर्व्हिसिंग माझ्यासमोर फुकट केली. असल्यांचं पहिलं काम चोखच असतं. फोनवरून दोन दिवसांत १,००,००० आणि ७०,००० पाठवले. एकरकमी पैसे कोणालाच देऊ नका.

पक्कं बिल मागितलं तर म्हणाले, "भाऊ, जीएसटीचे ३०,६०० वरून लागतील." मी कच्च्या पावतीवर राजी झालो. ज्याला नावं ठेवायची त्यानं ठेवावी. डिझेल, टोल, टायर आणि हप्ते भरून हाती काय उरतं ते गाडीवाल्यालाच माहीत.

पुढच्या सर्व्हिसिंगला मी वावरातून अंधार पडल्यावर परतलो. काम झालं होतं, जॉबकार्डवर सगळीकडे टिक. टॉर्च घेऊन गाडीखाली वाकलो. जुनं ऑइल काढायला इंजिनखालच्या चेंबरचा जो नट खोलतात, त्यावर काळ्या मातीचा सुकलेला थर होता, पावसाळ्यात बसलेला, जसाच्या तसा. त्या नटाला पाना लागला असता तर ती माती राहिलीच नसती. विचारलं तर व्हॅनवरचा पोरगा म्हणाला, "आता नट खोलत नाही भाऊ, पंपानं वरून ओढतो." पंप असतो हे मलाही ठाऊक होतं. मग ओढलेलं पंधराएक लिटर जुनं ऑइल कुठं आहे, एवढंच विचारायला हवं होतं. विचारलं नाही. माझा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "मालक, फिल्टर जुनंच वाटते." पहाटे चारला पांढरकवड्याला गाडी भरायला लावायची होती. मी त्यालाच गप्प केलं. ते आजही टोचतं.

दोन महिन्यांनी करंजीच्या अलीकडे भरली गाडी बंद पडली. बेअरिंग गेलं, क्रँक घासला. मिस्त्रीनं फिल्टर कापून दाखवला: बाहेरून ताजा रंग मारलेला, आतला कागद डांबरासारखा चिकट. खर्च १,३८,४००, माल दुसऱ्या गाडीत पलटवायचे १४,०००. बाकीच्या तीन गाड्यांचे फिल्टरही तसेच निघाले. त्यांचे फोन तेव्हापासून बंद.

ठाण्यात तीन चकरा मारल्या. "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." काम न करता जॉबकार्डं भरली, जुन्या फिल्टरला रंग फासून नवा म्हणून लावला, ही फसवणूक नाही तर न्याय संहितेतलं कलम ३१८ कशासाठी आहे? एका साहेबानं तर चारचौघांत ऐकवलं, "चार गाड्यांचा मालक ना तू, कळत नाही का?" सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन केला तर म्हणे समोरासमोर ओळखीत दिलेले पैसे, हा सायबरचा विषय नाही. ग्राहक आयोगाच्या कार्यालयात बाबू म्हणाला, गाड्या धंद्याच्या, व्यावसायिक वापर, तक्रार टिकणार नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यात व्यावसायिक धरत नाहीत, हे मला वकिलाकडून कळलं. पण चार गाड्या दिसल्या की आपण सगळ्यांना शेठ वाटतो. तीन गाड्यांच्या किमतीएवढं कर्ज अजून बाकी आहे, ते कोणी विचारत नाही. आणि प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न एकच: पक्कं बिल कुठं आहे?

बिल घ्याच, १८ टक्के गेले तरी चालतील. फिल्टर बसवला की त्यावर खिळ्यानं तारीख कोरा, जुना आपल्याकडे ठेवून घ्या. नट आपल्यासमोर खोलायला लावा. ड्रायव्हर काही बोलला तर घाई असली तरी थांबा. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी पाठवता येते. मी पाठवली, पोचपावती आली आहे.

गाडी अजून मिस्त्रीच्या दारात जॅकवर उभी आहे. इंजिनचे निम्मेच पैसे जमलेत आणि ५ तारखेला तिचाच ३८,७५० चा हप्ता आहे.