नदी घ्यावी की कालवे?

टेबलटॉप गेमसाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत रंगवायच्या कथेच्या खेळासाठी, काल्पनिक शहर रचायला बसलं की पाण्याचा प्रश्न लगेच समोर येतो. मधून एक नदी काढायची, की व्हेनिससारखं कालव्यांचं जाळं विणायचं? गेम मास्टर म्हणून, म्हणजे कथा आणि तिचं जग चालवणारा म्हणून, मी दोन्ही शहरं चालवली आहेत.

दिसायला कालवे केव्हाही सरस. नकाशा पसरला की प्लेअर वाकून बघायला लागतात. मागच्या दाराशी पाणी, पायरीला बांधलेली होडी, रात्रीचा चोरटा माल... कथानक सुचायला वेळ लागत नाही. नदीच्या निळ्या पट्ट्याला कुणी ‘वा’ म्हणत नाही.

पण खेळ सुरू झाला की कालव्यांच्या शहरात एका प्रश्नानं मला वात आणला: ‘इथून तिथं चालत जाता येतं का?’ चोर गल्लीत पळाला, प्लेअर मागे धावले, पुढं कालवा. पूल आहे? नसेल तर रुंदी किती? उडी बसेल? होडी जवळपास आहे? ती कुणाची? फासे हातातच, आणि आम्ही सगळे पाण्याचा हिशोब करतोय. तोवर पाठलागातली हवा गेलेली. प्रत्येक पूल आधीच आखून ठेवणारे शिस्तीचे गेम मास्टर असतीलही. मी त्यातला नाही. खुद्द व्हेनिसमध्ये शेकडो पूल आहेत, तरी ग्रँड कॅनाल या मुख्य कालव्यावर 1854 पर्यंत पक्का पूल एकटा रिआल्टोचाच होता. वाचायला झकास, पण दर सेशनला निभवायचं म्हणजे कटकट.

नदीत प्रश्न एकच: अलीकडे की पलीकडे? माझे प्लेअर पुण्याचे, त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. 1750 मध्ये वेस्टमिन्स्टर पूल खुला होईपर्यंत लंडन शहराला लंडन ब्रिज हा एकच पूल होता. बाकी सगळी भिस्त नावाड्यांवर. गेममध्ये असा एक पूल म्हणजे जकात, पहारा आणि दबा धरायची जागा, सगळं एकाच ठिकाणी.

शिवाय प्रवाहाला दिशा असते, त्यामुळे वस्त्या आपोआप बसतात. चामडं कमावणारे खालच्या अंगाला, लंडनच्या बर्मंडसी वस्तीसारखे. त्यातही नदी भरती-ओहोटीची घेतलीत तर जास्त मजा. टेम्सची घाण भरतीबरोबर परत वर यायची. 1858 च्या उन्हाळ्यात तर पार्लमेंटच्या इमारतीतले पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये (ब्लीचिंग पावडर) भिजवून टांगावे लागले. दुर्गंधीनं हैराण झालेले सरदार प्लेअरना हवं ते काम देतात, हा माझा अनुभव.

कालव्यांचं एक मात्र मान्य करायला हवं. व्हेनिसभोवती खारं पाणी; 1884 मध्ये नळ येईपर्यंत चौकाचौकात पावसाचं पाणी वाळूतून गाळून विहिरीत साठवत. अशी एक विहीर कुणीतरी बाटवली, एवढ्यावर आख्खी मोहीम चालते. नदीकाठी ती गंमत येत नाही.

तेव्हा तुमचा ग्रुप सबुरीचा असेल, घरफोडीच्या बेतात रमणारा असेल, तर कालवे जरूर घ्या. छोट्या मोहिमेला ते शोभतातही. पण वर्षभर चालणाऱ्या कॅम्पेनसाठी विचाराल, तर मी नदीच काढेन आणि कालव्यांची हौस मुखाजवळच्या एका पेठेत भागवेन. पूल मात्र एकच ठेवा. प्लेअरनी दुसरा मागितला, तर खर्च त्यांच्याच खजिन्यातून.