सतरा नंबरचा फॉर्म, दहावीचं ॲप आणि कणकेचे हात

आधी हिशेब. दहावीच्या अभ्यासाचं जे ॲप मी वर्षभरासाठी घेतलं, त्याची मूळ किंमत ४,६४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ८३५ रुपये २० पैसे, एकूण ५,४७५ रुपये २० पैसे. ३६५ दिवसांनी भागा, रोजचे १५ रुपये पडतात. मी पोळी ८ रुपयांना विकते, म्हणजे रोजच्या दोन पोळ्या ॲपला आणि वर एक रुपया मला. हा हिशेब मी ॲप घेताना केला नव्हता. गणित भाग १ मधला अर्थनियोजनाचा धडा शिकल्यावर केला.

ॲपचं नाव लिहीत नाही. महाराष्ट्र बोर्ड, मराठी माध्यम, दहावीचे सगळे विषय, अशी जी ॲपं आहेत त्यांतलंच एक. त्यात काय काय मिळतं ते जाहिरातीत वाचलं असेलच.

माझं मिरजेत पोळी-भाजी केंद्र आहे. गावात दवाखाने भरपूर, त्यामुळे पेशंटच्या नातेवाइकांचे डबे बारा महिने असतात. पहाटे साडेपाच ते साडेदहा दोनशे पोळ्या. १९९९ साली नववीतून शाळा सुटली ती सुटलीच. आता दहावी करायची म्हटल्यावर दिवसात मोकळा वेळ शोधत बसले, तर तो निघेना. शेवटी लक्षात आलं की लाटताना कान रिकामे असतात आणि अर्धे डोळेसुद्धा. फोन मिसळणाच्या डब्याला टेकवला आणि सुरू केलं.

इथंच घोडं पेंड खायला लागलं. या ॲपमध्ये दर सात-आठ मिनिटांनी व्हिडिओ थांबतो आणि विचारतो, ‘तुम्ही पाहत आहात का?’ ‘हो’वर बोट टेकवायचं. नाही टेकवलं तर पाठ अपूर्ण, आणि पाठ अपूर्ण राहिला की पुढच्याला कुलूप. माझे दोन्ही हात कणकेत. दर वेळी हात धुवायचे, पुसायचे, टेकवायचे, परत पिठात घालायचे. तोवर तव्यावरची पोळी करपलेली. पहिल्या आठवड्यात अकरा पोळ्या गेल्या, वहीत लिहून ठेवल्यात.

मग प्रयोग केले. कोपर चालतं, पण भलतीकडे लागतं आणि व्हिडिओ सुरुवातीला जातो. नाक चालतं, पण दारात गिऱ्हाईक उभं असताना बरं दिसत नाही. लाटण्याचं टोक अजिबात चालत नाही. एका सकाळी कोशिंबिरीची काकडी हातात होती, तिनं टेकवलं आणि चाललं! वीज वाहून नेणारी वस्तू लागते म्हणे या काचेला. काकडीत पाणी असतं, कोरड्या लाकडात नसतं. विज्ञान भाग १ मधला ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा मी काकडी हातात धरूनच पुरा केला.

ग्राहकसेवेला तीन वेळा फोन केला. पलीकडचा मुलगा गोड बोलायचा. ‘मॅम, मुलांचं लक्ष राहावं म्हणून ती सोय आहे. पाल्याला सांगा ना, फोन हातात धरून बसायला.’ पाल्य मीच आहे हे त्याला तिन्ही वेळा सांगावं लागलं. नोंदणी करताना पालकाचं नाव आणि पाल्याचं नाव, दोन्ही रकाने सक्तीचे. मी दोन्हीकडे माझंच घातलं आणि पालकाचा नंबर म्हणून ह्यांचा दिला. ती चूक भोवली. रोज रात्री नऊला ह्यांच्या फोनवर संदेश येणार: ‘आपल्या पाल्याने आज ० मिनिटे अभ्यास केला आहे. कृपया लक्ष द्यावे.’ आणि हे तो संदेश जेवताना मोठ्यानं वाचून दाखवणार.

जूनच्या सुमाराला मी असाच वैतागलेला अनुभव लिहायला घेतला होता, एक तारा देऊन. बरं झालं, अर्धवट राहिला. कारण फुकटात काय मिळतं ते तेव्हा नीट पाहिलंच नव्हतं आणि ॲपचंही एक अंग कळलं नव्हतं.

फुकटाचं आधी सांगते. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, पैसे पडत नाहीत. पुस्तकांत क्यूआर कोड असतात, ते सरकारच्या दीक्षा ॲपनं वाचले की त्या त्या धड्याचं साहित्य उघडतं. पण पुस्तकच फोनमध्ये असलं तर त्याच फोननं त्याचा कोड वाचायचा कसा? दोन महिने मला कोडं पडलं होतं. कोडखाली सहा अक्षरं-आकडे छापलेले असतात, ते दीक्षात टाइप केले तरी चालतं. हे कळेपर्यंत मी रद्दीवाल्याकडून दोनशे रुपयांना आख्खा संच आणला होता. तोही कामाला आला. भूगोलाचं पुस्तक तर मी आवडीनं दोनदा वाचलं. सगळं पुस्तकभर भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी मांडलेत, जशा दोन जावा.

सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा अर्ज, ऑनलाइनच भरायचा असतो. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार, फोटो घेऊन बसा आणि संपर्क केंद्राची शाळा घराजवळची निवडा, कारण विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांना तिथंच खेपा माराव्या लागतात. माझा दाखला माहेरच्या गावी होता, त्यात तीन आठवडे गेले. बाकी काही अवघड नाही. प्रात्यक्षिकाच्या दिवशी गणवेशातल्या मुली मला बघून उठून उभ्या राहिल्या, एवढीच काय ती फजिती.

आता ॲपचं ते दुसरं अंग. उत्तरपत्रिका घरी लिहायची, फोटो काढून पाठवायचा, दोन दिवसांत तपासून येते. मला वाटलं होतं यंत्रच तपासत असणार. पण ऑगस्टमध्ये वर्गसमीकरणांचा पेपर परत आला, त्यावर लाल अक्षरात लिहिलेलं: ‘उत्तर बरोबर आहे, पण पायऱ्या कुठे आहेत? तोंडी हिशेब करायची सवय दिसते. बोर्डात पायऱ्यांना गुण असतात.’ तोंडी हिशेबाची सवय दिसते! वीस वर्षं गल्ल्यावर उभी आहे मी, दिसणारच. कोण बाई की बुवा होते कळलं नाही, पण त्यानंतरच्या प्रत्येक पेपरवर तेच अक्षर यायचं आणि मी त्या अक्षरासाठी अभ्यास करायला लागले. एकदा पानाला तेलाचा डाग लागला होता, तर शेजारी लिहिलं, ‘स्वयंपाक आणि अभ्यास एकत्र? शाब्बास.’ नुसत्या या तपासणीचे मी रोजचे १५ रुपये हसत दिले असते. व्हिडिओ त्यांनी ठेवावेत त्यांच्याकडे.

तेव्हा मनात चार तारे झाले. ते मार्चमध्ये घसरले.

मी ॲप घेतलं १४ मार्च २०२३ला, सवलत संपतेय म्हणून घाईनं. मुदत ३६५ दिवस. २०२४ लीप वर्ष, २९ फेब्रुवारीनं एक दिवस खाल्ला, त्यामुळे मुदत संपली १३ मार्चच्या रात्री. गणित भाग १चा पेपर त्याच दिवशी झाला आणि भाग २ होता १५ला. १४ला पहाटे प्रमेयं उजळायला ॲप उघडलं तर कुलूप आणि वर ‘नूतनीकरण करा’. काकडीही काही करू शकली नाही. फोन केला, मुलगा म्हणाला, ‘मॅम, पूर्ण वर्षाचंच नूतनीकरण होतं.’ एका दिवसासाठी ५,४७५ रुपये! शेवटी तपासून आलेल्या पेपरांचे फोटो फोनमध्ये होते, ते आणि रद्दीतलं पुस्तक, एवढ्यावर भूमिती काढली. तुम्ही घेणार असाल तर मुदतीची तारीख बोर्डाच्या वेळापत्रकाशी ताडून बघा आणि तपासलेले पेपर त्याच दिवशी उतरवून ठेवा.

२७ मे २०२४ला निकाल लागला. ६१.२० टक्के. गणितात ५८, त्यातले निम्मे तरी पायऱ्यांचे असतील.

गेल्या आठवड्यात ॲपवाल्यांचा फोन आला, पाल्याला अकरावीत कुठली शाखा घ्यायची आहे म्हणून. मी म्हटलं, पाल्य सध्या कणीक मळतंय, पण तपासणारे तेच असतील तर बोलू. ते त्यांना सांगता येईना. तूर्त तीन तारे. २९ फेब्रुवारीचे १५ रुपये अजून यायचेत.