पहाटेच्या टाळांसाठी वेगळा प्रीसेट: एफएम प्रोसेसरचा आठ महिन्यांचा अनुभव

आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र सोलापूर जिल्ह्यातलं. ५० वॅटचा ट्रान्समीटर, ३० मीटरचा मनोरा. दिवसभर बहुतेक बोलणंच: पीकपाणी, बाजारभाव, बचतगट. पहाटे भजन, संध्याकाळी गाणी. आठ महिन्यांपूर्वी जुना लिमिटर (आवाज ठरावीक हद्दीबाहेर जाऊ न देणारा डबा) काढून पीसीवर चालणारा सॉफ्टवेअर प्रोसेसर बसवला, म्हणजे प्रसारणाआधी आवाज एकसारखा करणारा प्रोग्रॅम. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सांगायचंय ते प्रीसेटबद्दल, म्हणजे त्यातल्या तयार सेटिंगच्या संचांबद्दल, आणि ते कुठल्याही डब्याला लागू पडेल.

पहिल्या दिवशी सगळ्यात दणदणीत प्रीसेट लावला. स्टुडिओत हेडफोनवर ऐकून अंगावर काटा आला, अगदी शहरातल्या मोठ्या स्टेशनसारखा आवाज! तिसऱ्या दिवशी एका आजींचा फोन: “बाळा, तुमच्या त्या पोरीला दम लागतो का रे?” पोरगी ठणठणीत होती. एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारा भाग) तिचा प्रत्येक श्वास उचलून वर आणत होता, सोबत पंख्याची घरघर. गेटची पातळी वाढवली, म्हणजे आवाज फार खाली गेला की एजीसी गेन वाढवायचा थांबतो. रिलीज, म्हणजे दाबलेला आवाज परत वर येण्याचा वेग, सावकाश केला. दम थांबला.

‘स’ने मात्र दोन आठवडे छळलं. बातम्यांत ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ आलं की रेडिओत फोडणी तडतडायची. ट्रेबल कमी केला, माइकला नवा फोम आणला, निवेदिकेला वीतभर मागे बसवलं. फरक शून्य. चूक माझीच होती: प्री-एम्फसिस (वरच्या पट्टीचा आवाज प्रसारणाआधी मुद्दाम चढवणं) दोन ठिकाणी चालू राहिलं होतं, सॉफ्टवेअरमध्ये आणि ट्रान्समीटरच्या एन्कोडरमध्येही (स्टिरिओ सिग्नल तयार करणारा भाग). आपल्याकडे ते ५० मायक्रोसेकंदांचं असतं. त्याने १५ किलोहर्ट्झला आवाज साडेतेरा डेसिबलच्या आसपास चढतो आणि ऐकणाऱ्याचा रेडिओ तो तेवढाच उतरवतो. आमच्याकडे चढ दोनदा, उतार एकदाच. शिवाय सॉफ्टवेअरमधल्या लिमिटरने मोजून दिलेली आवाजाची शिखरं पुढे परत फुगून ७५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनची (लहरीची वारंवारता किती सरकू द्यायची त्याची) हद्द ओलांडत होती. ट्रान्समीटरमधलं बंद केलं, कारण क्लिपरला (शिखरांची टोकं छाटणारा सॉफ्टवेअरमधला भाग) चढवलेला आवाजच समोर हवा असतो. अमेरिकेत हाच आकडा ७५ मायक्रोसेकंद असतो, तेव्हा तिकडच्या कुणाचा प्रीसेट उचललात तर आधी तो रकाना बघा.

त्यानंतर स्टुडिओत बसून ठरवणं सोडलं. खिशातला रेडिओ, वायरचा इअरफोन लावलेला साधा मोबाइल आणि शेजारच्यांच्या ट्रॅक्टरवरचा स्पीकर, या तिघांवर ऐकायचं. एका वेळी एकच बटण फिरवायचं, तारीख वहीत लिहायची, आठवडाभर हात लावायचा नाही. ट्रॅक्टरवर तो दणदणीत प्रीसेट नुसता गुरगुरत होता. शेवटी बोलण्यासाठीचा सगळ्यात सौम्य प्रीसेट घेतला, खर्ज थोडा कापला, क्लिपरचा ड्राइव्ह (त्यात आवाज किती जोराने ढकलायचा ते) २ डेसिबल उतरवला. दिवसभर मोनोच ठेवतो. हद्दीवरच्या वस्त्यांवर स्टिरिओत येणारी खरखर त्याने बरीच गेली. बाजारभाव डाव्या-उजव्या कानाने वेगळे ऐकून कुणाला काय मिळणार?

खरी परीक्षा टाळांची. भजनं गावोगावी मोबाइलवर रेकॉर्ड केलेली, शिखरं आधीच कापली गेलेली. त्यावर टाळ म्हणजे निव्वळ वरच्या पट्टीचा मारा, आणि प्री-एम्फसिस नेमकं तिथेच ढकलतं. दिवसाच्या प्रीसेटवर टाळांची किणकिण जाऊन ‘छस् छस्’ उरायचं, जणू कुणी सूप पाखडतंय. म्हणून पहाटेचा प्रीसेट वेगळा: डीक्लिपर (कापलेली शिखरं अंदाजाने परत भरणारा भाग) चालू, वरच्या बँडचा दाब कमी, एकूण आवाज ३ डेसिबल खाली. “भजन बारीक लागतं” अशी तक्रार येते. येऊ दे, आवाजाचं बटण घरोघरी आहे. पण पखवाज आणि टाळ वेगवेगळे ऐकू येतात. अगदी स्वच्छ नाहीत, हेही खरं.

एक कटकट आधीच माहीत असती तर बरं झालं असतं. प्रक्रिया होऊन आवाज बाहेर पडायला वेळ लागतो, आणि निवेदकाच्या हेडफोनमध्ये तोच दिला की तो अडखळायला लागतो. आम्ही आता त्याला थेट मिक्सरचा आवाज देतो.

सकाळी साडेसहाला प्रीसेट आपोआप बदलतो, तेव्हा आमच्या पीसीवर अर्धा सेकंद आवाज गुदमरतो. खूप खटपट केली, गेलं नाही. तिथे आता भजन संपल्यावर दोन सेकंद शांतता सोडतो आणि मग केंद्राची धून.