रॉकवूलचं पार्टिशन: दिवाळी ते जून

आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून पार्टिशन घालताना जिप्सम बोर्डाचा एक पदर की दोन, आत थर्माकोल का नको, हे इथे बहुतेकांनी वाचलेलं असणार, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. धुळ्यात देवपूरला आमचा जुना लांबट हॉल. मधोमध जीआय चॅनलची (जस्त चढवलेल्या लोखंडी पट्ट्यांची) चौकट, दोन्ही बाजूंना साडेबारा मिमीचा जिप्सम बोर्ड, पोटात ५० मिमी जाडीची, घनमीटरला ४८ किलो घनतेची रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर. अलीकडे बापूंचा टीव्ही, पलीकडे बारावीतली पोरगी. बापूंना कमी ऐकू येतं आणि हेडफोनला ते हात लावत नाहीत. लावला असता तर हा सगळा खर्चच वाचला असता, पण असो.

काम चालू असताना बापूंनी विचारलंच, "भीतमा कापूस भरी ऱ्हायनात का?" कापूस नाही. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या जातीचा बेसॉल्ट वितळवून काढलेले तंतू असतात ते. जळत नाहीत, पण हाताला लागले की दिवसभर खाज.

पहिल्या रात्री बातम्या पलीकडे जशाच्या तशा ऐकू आल्या. माझं डोकंच फिरलं. छतातल्या लाइटचं भोक उघडून टॉर्च मारला तर पार्टिशन पीओपीच्या छतापाशीच संपलेलं, वर स्लॅबपर्यंत हातभर पोकळी. आवाज तिथून आरामात पलीकडे उतरत होता. मिस्त्री म्हणे, "साहेब, वरचं कोणाला दिसतं?" अहो, दिसायचं काय त्यात, ऐकू येतंय ना! छत फोडायचे वेगळे पैसे मागितले. बरीच तणतण झाल्यावर मजुरी त्याची, माल माझा, असं ठरलं. त्याच वेळी दोन्ही खोल्यांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवलेले सापडले. म्हणजे तिथे भिंत नाहीच, दोन प्लॅस्टिकचे डबे. एक सरकवून घेतला, कडांना सीलंट भरला, दाराखाली रबरी पट्टी लावली.

त्यानंतर मात्र मानलं. टीव्हीवर कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही, आणि अभ्यासाला तेवढं पुरतं. मालिकेच्या गाण्यातला ढोल अजून येतो. जाड आवाजाला नुसती लोकर पुरत नाही, वजन लागतं, म्हणजे बोर्डाचा आणखी एक पदर. तो मी घातला नाही, कारण माझ्याकडे काही नोटांचं झाड नाही. थंडीभर मी भेटेल त्याला हे काम करून घ्यायला सांगत होतो.

मग एप्रिल आला. आमच्याकडे एकच कूलर, तो हॉलच्या खिडकीत. पूर्वी त्याची हवा आख्ख्या हॉलभर फिरायची. आता पोरीची खोली हवाबंद डबा. खिडकी उघडली तरी कूलरची हवा तिच्यापर्यंत पोहोचायला दार उघडं हवंच. पारा बेचाळीसच्या वर गेल्यावर दार लावून कोण बसेल? दार उघडलं की लोकर, सीलंट, रबरी पट्टी सगळं पाण्यात. भिंत कितीही भारी असू द्या, आवाज उघड्या जागेतूनच जातो. दुकानदाराने "उन्हाळ्यात खोलीही थंड राहील" असं सांगून माल गळ्यात मारला होता. दोन्ही बाजू घरातच, मग हे पार्टिशन ऊन कुठलं अडवणार? त्यासाठी गच्चीखाली काहीतरी करायला हवं.

गंमत म्हणजे मे महिन्यात पोरीची तक्रारच आली नाही. कूलरच्या घरघरीत टीव्ही बुडून जातो. बापू मग आवाज आणखी वाढवतात, तो भाग वेगळा.

तेव्हा खानदेशात हे करणार असाल तर आधी हवेचा रस्ता ठरवा, मग लोकर घ्या. दोन खोल्यांना दोन कूलर किंवा एसी असेल तर बिनधास्त करा. नाहीतर दारावरून वाकडी नळी काढता येते, आतून लोकर लावलेली. हवा वळणं घेत जाते, आवाज वळणावर मरतो. तिचा भाव त्याच मिस्त्रीला विचारलाय, आणि तेव्हापासून तो फोन उचलत नाही.