उतरणीवरील घर्षणाचा प्रयोगसंच : वापरानंतरचा अभिप्राय

कलत्या प्रतलावरील घर्षण समजावून देण्यासाठी घेतलेला हा संच, म्हणजे बिजागरीवर उचलता येणारी लाकडी फळी, कोनमापक आणि एक ठोकळा, मी पंधरा दिवस रोज वापरला. फळी सावकाश उचलत नेली तेव्हा ठोकळा 22 अंशांपर्यंत जागचा हलला नाही आणि मग एकाएकी सुटला. या कोनाचे टॅन्जंट, म्हणजे सुमारे 0.40, हाच त्या दोन पृष्ठभागांमधील स्थितिक घर्षणाचा, म्हणजे वस्तू स्थिर असतानाच्या घर्षणाचा, गुणांक होय. ठोकळ्यावर त्याच्याच वजनाचे माप ठेवले तरी कोन जवळपास तोच आला, कारण खाली ओढणारे बल ज्या पटीने वाढते त्याच पटीने अभिलंब बल, म्हणजे फळी ठोकळ्यावर काटकोनात लावते ते बल, आणि त्याबरोबर घर्षणाची मर्यादाही वाढते. जड वस्तू आधी घसरते हा पक्का बसलेला समज इतक्या सहज दूर करणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. सुटलेला ठोकळा वेग घेतच खाली येतो, कारण गतिक घर्षण, म्हणजे वस्तू सरकत असतानाचे घर्षण, स्थितिक घर्षणापेक्षा कमी असते. कोन थोडा उतरवून ठोकळ्याला बोटाने हलकेच ढकलले, तेव्हा तो जवळजवळ एकसमान वेगाने सरकत राहिला, आणि ते दृश्य खरोखर पाहण्यासारखे आहे.

दोष मात्र सांगितलाच पाहिजे. बिजागरीचा स्क्रू सैल असल्याने फळी धक्क्याने वर जात होती आणि ठोकळा दोन-तीन अंश आधीच सुटत होता. स्क्रू घट्ट केल्यावर आणि प्रत्येक वेळी फळी कोरड्या फडक्याने पुसून घेतल्यावर सलग पाच मापने एका अंशाच्या आत आली.