घराचं मिशन स्टेटमेंट करायचंय? मग या पुस्तकातलं दुसरं प्रकरण आधी वाचा

अमेरिकन लेखक स्टीफन कोवी यांचं 'द सेव्हन हॅबिट्स ऑफ हायली इफेक्टिव्ह फॅमिलीज' हे पुस्तक १९९७ चं, म्हणजे तसं जुनंच. त्यांचं १९८९ चं जे गाजलेलं पुस्तक आहे त्यातल्याच सात सवयी इथे घराला लावून दाखवल्यात. मी पूर्ण पुस्तकाबद्दल नाही लिहीत, फक्त दुसऱ्या सवयीबद्दल (शेवट डोळ्यासमोर ठेवून सुरुवात करा) लिहितेय, कारण घराचं मिशन स्टेटमेंट, म्हणजे आपलं घर कसं असावं हे सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या ओळी, कसं करायचं ते तिथे आहे आणि मी पुस्तक घेतलं तेच मुळी त्यासाठी.

आधी एक सांगते, पुस्तक हातात यायच्या आधी मी हा प्रयोग एकदा करून बसले होते. कुठेतरी वाचलं, आवडलं, आणि एका रात्रीत बारा ओळी टाईप करून प्रिंट काढून फ्रीजवर लावली. प्रामाणिकपणा, आदर, शिस्त, सगळं होतं त्यात. नऊ वर्षांच्या मुलाने वाचलं आणि विचारलं, आई यात माझं काय आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन आठवड्यांनी तो कागद खाली पडला तो कोणी उचलून परत लावला नाही.

म्हणून या प्रकरणात जे तीन इशारे दिलेत ते वाचताना मला फार लागलं: स्वतः लिहून घरच्यांना जाहीर करू नका, घाई करू नका, आणि झाल्यावर विसरून जाऊ नका. कोवींच्या स्वतःच्या घरी, नवराबायको आणि नऊ मुलं, याला आठ महिने लागले म्हणे. हे वाचून आधी दडपण आलं पण नंतर बरं वाटलं, कारण आपल्याला दोन रविवारात जमलं नाही म्हणजे आपलं घर वाईट असं नसतं.

खरी किंमत आहे ती त्यातल्या प्रश्नांची. आपल्याला कसं कुटुंब व्हायचंय वगैरे मोठे प्रश्न आहेतच, त्यावर आमच्याकडे सगळे गप्प बसले, पण दोन प्रश्न असे आहेत की त्यांनी घर बोलतं केलं. एक, तुला घरी यावंसं कशामुळे वाटतं? यावर नवरा पटकन म्हणाला, आई (म्हणजे माझ्या सासूबाई) आतून 'आलास का रे' म्हणते ना, त्यामुळे. एवढंच. तो रोज स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत येतो आणि आम्ही तिघं मोबाईलमध्ये असतो, हे त्याने बोलून दाखवलं नाही पण आम्हाला कळलं. दुसरा प्रश्न, आपल्या घरातल्या कुठल्या गोष्टीची तुला लाज वाटते? हा विचारावा की नाही असं मला दोन दिवस वाटत होतं. विचारला. सोळा वर्षांची मुलगी बराच वेळ पायाकडे बघत बसली आणि म्हणाली, मी मैत्रिणींना घरी आणत नाही कारण तुम्ही दोघं कधी ओरडायला लागाल सांगता येत नाही.

इथे पुस्तकातला नियम उपयोगी पडला, समोरचा काय बोलला ते आधी आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि मगच स्वतःचं बोलायचं. नवरा "अगं पण कामाचं टेन्शन..." म्हणून सुरू झाला, थांबला, आणि म्हणाला, म्हणजे तुला घरात भीती असते की कधीही काहीही होईल. ती रडली, मी पण. त्या दिवशी एक ओळही लिहिली नाही, आणि तरी मला वाटतं आमचं खरं काम त्याच संध्याकाळी झालं.

पुढे साधारण पाच महिने, रविवारी अर्धा तास, त्याहून जास्त नाही कारण मुलगा कंटाळतो. सासूबाई आधी म्हणायच्या मला कशाला बसवता, मग एकदा त्यांनीच सांगितलं की मला सगळं ठरून झाल्यावर कळतं. आता आमच्या चार ओळी आहेत: बाहेरून आलेल्याला 'आलास का, आलीस का' विचारायचं. आवाज चढला की थांबायचं, आणि परत बसून बोलायचं. सगळ्यांचं काही ठरवायचं असेल तर सगळ्यांना विचारून ठरवायचं. चूक सांगितली तर घरात हसणार नाही. शेवटची ओळ मुलाची आहे, आता त्याचं त्यात आहे.

आता न आवडलेलं. कोवींच्या घरचं स्टेटमेंट पुस्तकात दिलंय ते एक लांबलचक वाक्य आहे, जबाबदार स्वावलंबन, परस्परावलंबन असे जड शब्द, तो नमुना समोर ठेवलात तर तुमचंही कंपनीच्या भिंतीवरच्या पाटीसारखं होईल. त्यापेक्षा तिथेच एका कुटुंबाचं 'एकही खुर्ची रिकामी नको' एवढंच आहे, ते बघा. किस्से पण फार आहेत, काही मी सरळ पानं उलटून सोडले. आणि दोघांपैकी एकालाच हे करायचंय, दुसरा बसायलाच तयार नाही, अशा घरात लगेच कागदपेन काढू नका, पहिल्या सवयीचं (स्वतःपासून सुरुवात करण्याचं) प्रकरण आणि एकमेकांशी साधं बोलणं तिथूनच सुरुवात करावी लागेल.

पाचपैकी चार स्टार देते, दुसऱ्या प्रकरणाला पाच.

हो, आणि लॅमिनेट करू नका. आमचा कागद पेन्सिलने लिहिलाय, दुसऱ्या ओळीत 'थांबायचं' च्या पुढे 'दोघांनी' हा शब्द हवा असं मुलीचं म्हणणं आहे, येत्या रविवारी त्यावर बसतोय.